एकशे चारावा चौकोन

सोमवार, २ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

विणकामाच्या चौकोन क्रमांक १०४ ची आकृती आज टपालात पडायला हवी होती. ती पडणार नाही, म्हणून हे पत्र लिहिणं भाग आहे. पावणेनऊ वर्षांत महिन्याचा पहिला सोमवार मी चुकवला नव्हता. आज चुकला. कारण कळवणं माझं कर्तव्य आहे.

परवा शनिवारी दुपारी आमचा संगणक बसला. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, त्याखाली ठिपके गोल गोल फिरतात, मग निळा पडदा येतो, त्यावर "काहीतरी बिघडलं" एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून चिन्ह, ठिपके, निळा पडदा. काय बिघडलं ते सांगत नाही. माझ्या वर्गात असं मोघम उत्तर कुणी दिलं असतं तर मी त्याला उभं ठेवलं असतं.

मी दुपारी वाचनालयात गेले तेव्हा तो धडधाकट होता. पडद्यावर "अपडेट चालू आहे, बंद करू नका" अशी सूचना होती, म्हणून तसाच चालू ठेवून गेले. परत आले तो हा प्रकार. तुमच्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "मी तर फिरायला गेलो होतो." तेव्हापासून ते न सांगता भांडी घासताहेत. वय झालं की माणसं सुधारतात, असं दिसतं.

काळजीचं कारण नाही. दर शनिवारी मी सगळ्या नमुन्यांची नक्कल पेनड्राइव्हवर काढते, वहीत तारीख घालते आणि सही करते. शिवाय कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला या शनिवारी सकाळी अकराला येणार आहे. तो म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मारून देतो, एकदम नवाकोरा होईल." मी हो म्हटलं आहे. घर आवरायचं तर नीटच आवरावं.

तुम्ही तीस वर्षं हवामान कार्यालयात संगणकांमध्ये काढलीत, तेव्हा काही सुचवायचं असेल तर कळवा. या नमुन्यांचं पुस्तक १५ ऑक्टोबरला छपाईला द्यायचं आहे. प्रकाशकबाई म्हणाल्या आहेत की तारीख हुकली तर पुढच्या वर्षी बघू. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य मला आवडत नाही.

चौकोन १०३ ची आकृती तुमच्या शेऱ्यांसह परत मिळाली. सुधारणा केली, कागद फाडला. चौकोन उसवल्याचं लिहिलंत, बरं केलंत. त्या एका करड्या लोकरीच्या गुंड्यावर तुम्ही १०३ चौकोन विणून तपासलेत, ही काटकसर माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

तुमची वहिनी


मंगळवार, ३ सप्टेंबर

चिमे,

हे पत्र वाचून लगेच फाड. तुझ्या वहिनीच्या पत्राबरोबर नाही टाकलं, निराळं टाकतोय, यावरून काय ते समज.

संगणक मी मारला.

आमच्या दारामागे तिनं नियमांचा कागद चिकटवलाय, तुला माहीत आहे. नियम तिसरा : "घरातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने मेन स्विच बंद करावा. सबब चालणार नाही." शनिवारी ती वाचनालयात गेली, मग मी फिरायला निघालो. म्हणजे शेवटचा मी. केला बंद. पायऱ्या उतरताना मला वाटलं, आज आपण किती शहाण्यासारखे वागलो!

परत आल्यावर मेन स्विच लावला. स्वयंपाकघरातलं विजेचं घड्याळ शून्य शून्य दाखवत लुकलुकत होतं, तेही घाईघाईनं लावलं. मग ती आली, संगणकासमोर बसली, आणि मी स्वयंपाकघरात पळालो.

सांगितलं तर दोन गोष्टी होतील. एक, ती माझ्यावर चिडेल, त्याची सवय आहे. दोन, तिच्या लक्षात येईल की नियम तिचाच होता. मग ती स्वतःवर चिडेल, आणि ते बघवत नाही गं. पावणेनऊ वर्षं रोज सकाळी दोन तास बसते ती त्या चौकटींसमोर. एक चौकट म्हणजे एक टाका. मला सगळ्या सारख्याच दिसतात, पण ती मध्येच खुदकन हसते, म्हणजे काहीतरी जमलेलं असणार.

तू काहीतरी कर. मी भांडी घासतोय.

दादा


शनिवार, ७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

सकाळी फोनवर ओरडले त्याबद्दल माफ करा. पत्र काल संध्याकाळी हातात पडलं, आज उत्तर टाकलं असतं तर पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतं ना! म्हणून फोन लावला, पाचपर्यंत मोजलं, "फॉरमॅट करू देऊ नका, त्याला हात लावू देऊ नका" असं तीनदा ओरडले आणि ठेवून दिला. पलीकडे कुणी उचलला होता की नाही तेही मला माहीत नाही. चुकून दुसरीकडे लागला असेल तर तिथेही कुणाचा तरी संगणक वाचला असेल.

वहिनी, फॉरमॅट म्हणजे घर आवरणं नव्हे. घरातलं सगळं सामान रस्त्यावर टाकून भिंतींना चुना लावणं. घर नवंकोरं होतं, हे खरंच आहे.

माझ्या मते यंत्र मेलेलं नाही. अपडेट चालू असताना मध्येच वीज गेली असावी. वीज काय, कशीही जाते. सामान आत असणार, फक्त दार उघडत नाहीये. आपण खिडकीतून जाऊ. सोबत दोन पेनड्राइव्ह आहेत, लाल आणि हिरवी. लालवर मी एक वेगळी व्यवस्था भरून दिली आहे. संगणक तिच्यावर चालतो, तुमच्या डिस्कला धक्का लावत नाही. हिरवी रिकामी आहे. कृती तुमच्याच पद्धतीनं लिहिते, म्हणजे चूक होणार नाही.

ओळ १ : संगणक बंद. लाल पेनड्राइव्ह पुढच्या खाचेत.
ओळ २ : चालू करा, आणि सगळ्यात वरच्या रांगेतलं F12 बटण टकटक दाबत राहा, यादी दिसेपर्यंत.
ओळ ३ : यादीत पेनड्राइव्हचं नाव शोधा. एंटर.
ओळ ४ : दोन-तीन मिनिटं काळा पडदा. घाबरून सुई टाकायची नाही.
ओळ ५ : अनोळखी चित्र दिसेल. त्यात "इन्स्टॉल" असं लिहिलेलं असेल तिथे चुकूनही बोट लावायचं नाही.
ओळ ६ : हिरवी लावा. तुमची डिस्क उघडा, नमुन्यांचा फोल्डर शोधा, कॉपी करून हिरवीवर टाका. फक्त कॉपी. आपण बघायला आलोय, सामान हलवायला नाही.
ओळ ७ : दादाला चहा करायला सांगा.

तुमची
चिमी


गुरुवार, १२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

फोन योग्य ठिकाणी लागला होता. तुमच्या दादांनी उचलला, तीन हात लांब धरला, तरी तुमचा आवाज दुरुस्तीवाल्यापर्यंत पोचला. तो स्क्रू काढायचा पेचकस हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, "मावशी, कोण होतं?" मी म्हटलं, "हवामान खातं." तो पेचकस पिशवीत घालून गेला.

काल तुमचं पाकीट आलं. ओळ १ ते ३ व्यवस्थित. ओळ ४ ला काळा पडदा साडेचार मिनिटं होता. तुम्ही दोन-तीन लिहिलं होतंत. यापुढे अंदाज देताना कमाल मर्यादा द्यावी. त्या साडेचार मिनिटांत तुमचे दादा माझ्या खुर्चीमागे उभे राहून इतका मोठा श्वास घेत होते की मला म्हणावं लागलं, "अहो, एक तर श्वास घ्या नाही तर इथे थांबा."

मग पडदा उजळला. वन्सं, माझे नमुने त्यात होते! नावं, क्रमांक, सगळं जागच्या जागी. पहिला उघडला. चौकट न् चौकट तशीच. तुमच्या दादांनी माझा खांदा दाबला आणि चहा करायला गेले. साखर दोनदा घातली होती. प्यायले.

आता वस्तुस्थिती. क्रमांक १ ते ७३ हिरवीवर सुखरूप आले. "नवे" नावाच्या फोल्डरमधले ७४ ते १०४, म्हणजे एकतीस, नावाला आहेत, पण उघडले की कोरे. वजन शून्य. तो फोल्डर मी वाचनालयात जाताना उघडाच ठेवला होता.

त्यानं बिघडत नाही. माझी शनिवारची नक्कल आहेच. ती लावून पाहिली. एकशे चारही आहेत, पण एकही उघडत नाही. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आहे, आणि वजन सगळ्यांचं सारखं, एक केबी. बहुधा त्यांना मूळ संगणकच लागत असावा. कसे उघडायचे ते उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी


मंगळवार, १७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. सरळच सांगते.

तो छोटा बाण म्हणजे शॉर्टकट. पडद्यावर सोयीसाठी ठेवलेली चित्रं असतात ना, त्यावर टिचकी मारली की नमुना उघडतो? ते चित्र म्हणजे नमुना नव्हे. दारावरची पाटी. नमुना आत दुसरीकडे असतो. तुम्ही दर शनिवारी पाट्या उतरवून नेत होतात, घरं तिथेच राहत होती.

तुमची वही अगदी बरोबर असणार, यात मला शंका नाही. आणि आमच्या कार्यालयात एका साहेबांनी हेच दोन वर्षं केलं होतं, तेही शिपायाकडून सही घेऊन.

अजून एक प्रयत्न करू. लालवरच पुसलेल्या फायली हुडकणारा प्रोग्राम आहे, भिंगाचं चित्र आहे तो. ओळ ८ : तो चालवा. ओळ ९ : रात्रभर लागला तरी चालेल, मध्ये थांबवू नका, आणि घरातून कुणी बाहेर पडू नका.

एक विचारायचं होतं, सहजच. समजा, एखादा विणलेला चौकोन समोर असेल, तर त्यावरून आकृती पुन्हा काढता येते का? सगळे टाके मोजून? सहजच विचारते.

चिमी


शनिवार, २१ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

पाट्यांबद्दल समजलं. वही मी कपाटात ठेवून दिली आहे. त्या विषयावर मला आणखी काही लिहायचं नाही.

भिंगाचा प्रोग्राम चौदा तास चालला. सात वर्षांपूर्वी मी स्वतः पुसून टाकलेल्या तुमच्या दादांच्या कविता परत आल्या, सगळ्या, "हे मेघा" पासून. मी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले असतानाचे त्यांनी काढलेले नऊ फोटो परत आले. नमुने आले नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, काढता येते. सुलट टाका आणि उलट टाका डोळ्यांनी वेगळे दिसतात, ओळीनं मोजत गेलं की आकृती तयार. पण त्याला चौकोन लागतो. तुमच्या शेऱ्यांसह परत आलेले आकृत्यांचे कागद मी फाडले, तुम्ही चौकोन उसवलेत, दोन्ही माझ्याच सांगण्यावरून. चुकीची प्रत घरात राहू नये हा माझा नियम. आता बरोबर प्रतही राहिलेली नाही. तुमच्या शिस्तीबद्दल मात्र आभार.

अडीच वर्षांचं काम साडेतीन आठवड्यांत पुन्हा होत नाही. त्र्याहत्तर नमुन्यांचं पुस्तक मी काढणार नाही. ज्याला विणायला शिकवायला घरात कुणी नाही अशा माणसानं पहिल्या चौकोनापासून सुरुवात करावी आणि एकशे चाराव्याला त्याला कुणाची गरज उरू नये, असा त्या क्रमाचा हिशेब होता. जिना मध्येच संपला तर तो जिना नव्हे.

सोमवारी, ३० तारखेला सकाळी दहाला प्रकाशकबाईंना फोन करून पुस्तक मागे घेतल्याचं सांगणार आहे. तोवर त्या गावाला आहेत.

तुमचे दादा आता खिडक्याही पुसताहेत.

वहिनी


बुधवार, २५ सप्टेंबर

वहिनी,

सोबत गाठोडं पाठवते आहे. आधी पत्र वाचा, मग उघडा. नाही, आधी उघडा.

उघडलंत? आता रागवा.

मी एकही चौकोन उसवला नाही.

पहिला उसवायला खरंच बसले होते. धागा ओढला, एक ओळ सर्रकन गेली, आणि वहिनी, माझा हातच थांबला. इतका सुरेख बसला होता तो! ती ओळ पुन्हा विणली आणि तुम्हाला लिहिलं, "उसवला." पुढचा तरी उसवू म्हटलं. मग त्याच्या पुढचा. पावणेनऊ वर्षं दर महिन्याला मी तुम्हाला हा एकच शब्द खोटा लिहीत आले. तुमचा तो करडा गुंडा पहिल्याच दोन चौकोनांत संपला. "लोकर अजून चांगली आहे" असं लिहिलं तेव्हा मी पिवळी लोकर घेऊन बसले होते. मग पोपटी. मग जांभळी, ती तर तुम्हाला अजिबात आवडत नाही.

चौकोन साठत गेले तसे जोडत गेले. आठ आडवे, तेरा उभे. हिवाळ्यात पायांवर घेते. कान गेल्यापासून लोक माझ्याशी कमी बोलतात, पण हे पांघरूण अंगावर असलं की प्रत्येक चौकोनाबरोबर तुमचं आलेलं पत्र आठवतं. "ओळ सोळा, लक्ष द्या, घाई करू नका." मला ते ऐकू येतं.

१७ तारखेलाच सांगणार होते, भीती वाटली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी भावजयीची भीती वाटते, हे कार्यालयात कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

यात १ ते १०३ आहेत. खालचा उजवा कोपरा रिकामा आहे. १०४ तुम्ही पाठवलाच नव्हता, तो माझ्याकडे नाही.

३० तारखेच्या दहाच्या आत पोचावं म्हणून खासगी टपालानं पाठवते आहे. फोन करू नका हो त्या बाईंना.

तुमची खोटारडी
चिमी


सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

गाठोडं ३० तारखेला दहाच्या ठोक्याला आलं. फोन माझ्या हातात होता, नंबर निम्मा फिरवला होता. तुमच्या दादांनी दारातच दोरी कापली आणि ते पांघरूण बाहेर ओढलं. ते संपेचना. त्यांनी टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या बाहेर काढल्या, आणि ते जमिनीवर पसरलं. मी फोन ठेवला.

मला जांभळा रंग आवडत नाही, हे खरं. क्रमांक ९१ जांभळ्यात आहे. तो रंग मला आता आवडतो. यावर चर्चा नको.

पुढचे बारा दिवस आम्ही दोघं जमिनीवर होतो. तुमचे दादा गुडघ्याखाली उशी घेऊन, हातात भिंग घेऊन ओरडत होते, "सुलट, सुलट, उलट, सुलट." मी चौकटी भरत होते. पहिल्या दिवशी त्यांना सुलट-उलट कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, "अगं, इथे तू चुकलीस, उलट आहे." मी तपासलं. उलट होता. क्रमांक ८८ मध्ये तुम्ही ओळ अकराला माझी आकृती मोडून स्वतःचं काहीतरी केलं आहे आणि मला कळवलेलं नाही. ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. पुस्तकात तुमचंच घेतलं आहे.

संगणकही उठला. सगळं काढून घेतल्यावर त्याच दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं आधी विचारलं, "मावशी, हवामान खात्याची परवानगी आहे ना?" मग फॉरमॅट केलं.

आता मेन स्विचबद्दल. तो कुणी बंद केला ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वाचनालयातून आले तेव्हा स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. ते घड्याळ वीज गेल्याशिवाय बिघडत नाही आणि घरात ते चुकीचं लावणारा माणूस एकच आहे. नियम माझा होता, तो पाळला गेला, मी कुणाला काय बोलणार? किती दिवस गप्प बसतात ते बघायचं ठरवलं आणि घड्याळ तसंच ठेवलं. सहा आठवडे आम्ही दोघं दहा मिनिटं आधी जेवतो आहोत. गेल्या आठवड्यात ८८ मोजताना त्यांनी एकदम सांगून टाकलं. मी म्हटलं, "माहीत आहे. पुढची ओळ वाचा." ते इतके हसले की टाके विसरले, आणि ओळ पहिल्यापासून मोजावी लागली. मीही हसले. तुम्हाला त्यांनी कळवलं असणारच. पत्र फाडलं असेल तर चूक केलीत. यापुढे काही फाडायचं नाही.

१०४ नवा केला. जुना मला आठवत होता, पण तो फार अवघड होता. शेवटच्या पायरीवर माणसानं दमू नये, आपलं आपण काहीतरी करावं. म्हणून सोपा ठेवला : साधी सुलट जमीन, आणि कोपऱ्यात एक छोटा बाण. त्या बाणानं मला जे शिकवलं ते एम.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

तो तपासायला तुमच्याकडे पाठवायला वेळ नव्हता. ज्यानं आयुष्यात कधी सुई धरली नाही असा माणूस हवा होता. तो घरातच निघाला. भांडी आणि खिडक्या त्याच्याकडून काढून घेतल्या.

आज सकाळी प्रकाशकबाई आल्या. त्यांनी पांघरूण पाहिलं आणि मुखपृष्ठ बदललं. काय काय सोपवलं त्याची नोंद खाली देते. प्रत तुमच्याजवळ ठेवा.

प्रकाशकबाईंना : नमुने १ ते १०४, एका पेनड्राइव्हवर. खऱ्या फायली, पाट्या नव्हेत. प्रत्येक उघडून दाखवली. पांघरुणाचे फोटो सहा. अर्पणपत्रिका, ओळी दोन, बंद पाकिटात. तुम्ही पुस्तकातच वाचा.

तुमच्या दादांना : दारामागचा नियमांचा कागद, नियम तिसरा खोडून. त्यांच्या कविता, सर्व. घड्याळ, बरोबर लावण्यासाठी.

तुम्हाला, सोबतच्या गाठोड्यात : हिरवी पेनड्राइव्ह, सगळ्या नमुन्यांसह. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक नक्कल तुमच्याकडे राहील. पिवळ्या लोकरीचे गुंडे चार. पांघरूण एक, चौकोन एकशे चार. खालचा उजवा कोपरा तुमच्या दादांनी विणला आहे, जांभळ्यात. ओळ नऊमध्ये चूक आहे, बाणाचं टोक डावीकडे कललं आहे. मी पाहिली, मोजली, आणि त्यांना दाखवली.

उसवला नाही.

तुमची वहिनी